वणव्याचा मनोरा आणि आपला दावा

(वनहक्क समित्यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोललं गेलं तसंच बहुतेक ठेवलं आहे. ज्या गावात वाचणारे कमी आहेत तिथं बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवावं.)



मला विषय दिलाय वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्याचा. कोणी म्हणेल, दावे उपविभागीय समितीत अडकून पडलेत, पावत्या सापडत नाहीत, आणि हे मनोऱ्याचं काय घेऊन बसले? पण थोडं ऐका. मनोऱ्याची गोष्ट आपल्या दाव्यापर्यंत कशी येते ते शेवटाला दिसेल.

आपल्या जालना जिल्ह्यात जंगल थोडं. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपलं नाव घेतात. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडं अजिंठ्याच्या डोंगराची टोकं, बाकी माळरान, गवताचे पडीक आणि मधेमधे तुटक वनगट. साग उभा आहे असं घनदाट काही नाही. पण आग घनदाट जंगलापेक्षा वाळलेल्या गवतात जास्त पळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. फेब्रुवारी उलटला की गवत पिवळं पडतं, आणि दुपारी वारा सुटला तर बघता बघता सगळी टेकडी काळी होते. दुसऱ्या दिवशी गार्ड गावात येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कोणी लावली?"

हा प्रश्न दीडशे वर्षांचा जुना आहे. म्हणून गोष्ट तिथून सुरू करू.

मनोरा कसा चालतो

शेतात पाखरं राखायला आपण मचाण बांधतो. वणव्याचा मनोरा म्हणजे तेच, फक्त मोठं. डोंगराच्या उंच टोकावर लोखंडाचा नाहीतर दगडी मनोरा. उन्हाळ्यात त्याच्यावर एक माणूस दिवसभर बसून धूर बघतो. धूर दिसला की तो कुठल्या दिशेला आहे ते होकायंत्रावर मोजतो आणि खाली निरोप देतो. पूर्वी माणूस पळायचा, मग वायरलेस आला, आता मोबाईल आहे.

एका मनोऱ्यावरून फक्त दिशा कळते. धूर एक कोसावर आहे का तीन कोसांवर, ते सांगता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या मनोऱ्यावरूनही दिशा मोजावी लागते. नकाशावर दोन्ही रेघा ओढायच्या, जिथं एकमेकींना कापतील तिथं आग.

आणि दुसरा मनोरा नसेल तर? मग वर बसलेल्या माणसाला मुलूख ओळखीचा पाहिजे. ही खोरी कोणती, तो नाला कोणता, त्या पांदीच्या मागं कुणाचं रान, हे तोंडपाठ पाहिजे. चैत्र-वैशाखात धुरकट हवा असते, सगळं सारखंच दिसतं. बाहेरून बदली होऊन आलेल्या साहेबाला हे जमत नाही. म्हणून वनखात्यानं हंगामापुरती मजुरीवर माणसं ठेवली ती गावातलीच. विदर्भात, मेळघाटात त्यांना अंगारी म्हणतात. कागदावर त्यांचं नाव फायर वॉचर. धूर हुडकणारा डोळा आपल्याच माणसाचा, आणि पळसाच्या फांद्यांनी आग झोडपणारे हातही आपल्याच माणसांचे. मजुरीच्या कागदावर त्यांचा अंगठा असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मनोरा आला कुठून

1864 साली इंग्रज सरकारनं वनखातं काढलं. त्यांना सागवान पाहिजे होतं, रेल्वेच्या रुळांखाली घालायला आणि जहाजांना. त्याच सुमाराला मध्य प्रांतात बोरीच्या जंगलात, म्हणजे सातपुड्यात, पिअरसन नावाच्या अधिकाऱ्यानं आग पूर्ण बंद करायचा प्रयोग केला. भोवती पट्टे साफ केले, जाळरेषा काढल्या, पहारे बसवले, आणि आत आग येऊ द्यायची नाही असं ठरवलं. प्रयोग यशस्वी झाला असं खात्याला वाटलं आणि तो देशभर पसरला. 1865 चा कायदा आला, मग 1878 चा जास्त कडक कायदा आला, आणि त्यानंतर 1927 चा. हा 1927 चा कायदा आजही वापरात आहे.

आता आपली माणसं आग कशाला लावायची ते बघा. ठाण्याकडं वारली आणि कोळी भातरोपाच्या वाफ्यावर फांद्या आणि पालापाचोळा जाळून राब करायचे. सातपुड्यात मोहाखालची जागा जाळून साफ करायचे, म्हणजे फुलं वेचता येतात. डोंगरावर गुराखी जुनं गवत जाळायचा, म्हणजे कोवळं फुटतं. यातलं काही गरजेपुरतं होतं, काही निष्काळजीपणाचंही होतं. आज आपण आपसात बोलतोय, तेव्हा हेही बोललं पाहिजे. पण इंग्रजांनी दोन्ही एकाच मापानं मोजलं. आग म्हणजे गुन्हा आणि जंगलात राहणारा म्हणजे संशयित, असं ठरून गेलं.

गंमत पुढं आहे. विसावं शतक लागलं तेव्हा ब्रह्मदेशातल्या सागाच्या आणि आसाम-बंगालच्या सालाच्या जंगलात खात्याच्याच अधिकाऱ्यांना दिसलं की आग पूर्ण थांबवली तिथं नवी रोपं नीट येत नाहीत. खाली झुडूप दाटतं, बी जमिनीला लागत नाही. मग त्यांनीच ठरवून, हंगाम बघून जाळायला सुरुवात केली. त्याला शास्त्राचं नाव मिळालं. गुराख्याच्या आगीचं नाव मात्र गुन्हाच राहिलं.

लोक गप्प बसले असं नाही. 1921 साली कुमाऊंच्या डोंगरात वेठबिगारीच्या आणि जंगलबंदीच्या रागात लोकांनी चिडाची सरकारी जंगलं पेटवली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि बरंच जंगल लोकांच्या वापराला मोकळं करावं लागलं. आपल्या महाराष्ट्रात 1930 साली जंगल सत्याग्रह झाला. 10 जुलैला पुसदला लोकनायक अणे यांनी राखीव रानातलं गवत कापून कायदा मोडला. 25 सप्टेंबरला रायगडमधल्या चिरनेरला गोळीबार झाला. तिथं आग कोणी लावली नव्हती. विळा आणि कुऱ्हाड एवढंच होतं.

आपला जालना तेव्हा इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हता. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तिथंही जंगल राखीव करणं चालूच होतं. त्याच संस्थानात आसिफाबादकडं कोमराम भीम जंगल-जमिनीसाठी उभे राहिले आणि 1940 साली जोडेघाटला मारले गेले. फसली 1355 मध्ये, म्हणजे 1945 च्या सुमाराला, हैदराबादचा स्वतःचा वन कायदा आला. राज्य बदललं तरी गोंडाला, भिल्लाला विचारायचा प्रश्न तोच राहिला: इथं कशाला आलास?

बाहेरच्या देशातली एक गोष्ट सांगतो, कारण लोखंडी मनोऱ्यांचं पीक तिथं सगळ्यात जास्त आलं. अमेरिकेत 1910 च्या ऑगस्ट महिन्यात दोन दिवसांत सुमारे 12 लाख हेक्टर जंगल जळालं, आणि आग विझवणारे कितीतरी मजूर मेले. त्यानंतर तिथल्या वनखात्यानं डोंगराडोंगरावर मनोरे उभे केले. 1913 साली हॅली डॅगेट नावाची बाई कॅलिफोर्नियाच्या एका डोंगरावर पहाऱ्याला बसली. खात्यात वणव्याच्या पहाऱ्यावर लागलेली ती पहिली बाई. बायका इतकं एकटं राहू शकणार नाहीत असं म्हणणारे होते. ती पुढं कितीतरी उन्हाळे बसली. 1935 साली तिथं हुकूम निघाला की दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आली पाहिजे. बरीच वर्षं हे चाललं. जंगलात वाळकं साठत गेलं, आणि मग लागणारी आग जास्त भयंकर होऊ लागली. शेवटी 1970 नंतर तो हुकूम त्यांनी सोडला. आता तिथले मूळ रहिवासी, ज्यांना लहान लहान आगी लावतात म्हणून शिक्षा केल्या होत्या, त्यांनाच बोलावून विचारतात की तुम्ही कधी आणि कसं जाळत होता.

कायदा काय म्हणतो

आता कायद्यावर या. 1927 च्या कायद्याचं कलम 26 सगळ्यांना माहीत आहे: राखीव जंगलात आग लावली तर शिक्षा. पण त्याच कलमाचं तिसरं पोटकलम कोणी वाचत नाही. त्यात असं आहे की जाणूनबुजून किंवा घोर हलगर्जीपणानं आग लागली असेल तर, गुन्हेगाराला शिक्षा झाली तरी, राज्य सरकार त्या जंगलातले गुरचराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क ठरवेल तितका काळ बंद करू शकतं. सगळे हक्क म्हणजे सगळ्या गावाचे. एकानं बिडी टाकली आणि शंभर घरांच्या शेळ्या बांधून पडल्या, असं होऊ शकतं.

कलम 79 दुसऱ्या बाजूनं येतं. जंगलात ज्याचा काही हक्क आहे त्यानं आग दिसली तर कळवलं पाहिजे आणि विझवायला मदत केली पाहिजे. नाही केली तर तो गुन्हा. म्हणजे विझवायची जबाबदारी आपल्यावर आणि संशयही आपल्यावर.

वनहक्क कायदा 2006 मध्ये आला. त्यानं हे पारडं बदललं, पण आपण ते वापरत नाही. कलम 3 मध्ये सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा आणि तिचं व्यवस्थापन करण्याचा हक्क आपला आहे असं लिहिलंय. कलम 5 मध्ये ग्रामसभेला जंगल आणि वन्यजीव राखायचे अधिकार दिलेत. जंगलाला बाधा आणणारं काम थांबवायचं ग्रामसभेनं ठरवलं तर ते पाळलं जाईल हे बघायचंही त्यात आहे. म्हणजे आगीचा नियम ग्रामसभा करू शकते. आणि कलम 4 मध्ये साफ आहे: दाव्याची पडताळणी आणि मान्यतेचं काम पूर्ण होईपर्यंत कब्जातल्या जमिनीवरून कोणाला हटवता येत नाही. "वणवा लागला, आता जमीन सोडा," असं कोणी दरडावलं तर हे कलम दाखवा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं ऐका. 2012 साली त्यांना सामूहिक हक्क मिळाला. बांबूवर ग्रामसभेचा कारभार सुरू झाला. मग त्यांनी बसून ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून फांद्या छाटतात, आग लावतात, त्यानं जंगल खराब होतं. हातात येणारा पैसा सोडायचा म्हणजे सोपं नव्हे. पण जंगल आपल्या हातात आल्यावर आग बंद करायचा निर्णय गावानंच घेतला. तिथं मनोरा बांधावा लागला नाही.

नवा मनोरा आभाळात

आता लोखंडी मनोऱ्याचं काम उपग्रह करतो. 2004 पासून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहानं पकडलेल्या आगीच्या जागा राज्यांच्या वनखात्यांना कळवते. चांगली गोष्ट आहे. पण हे यंत्र काय बघतं ते समजून घ्या. ज्या मोडीस नावाच्या यंत्रावर हे काम सुरू झालं, त्याचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद. म्हणजे 100 हेक्टर, आपले अडीचशे एकर. त्या अडीचशे एकरात कुठंतरी उष्णता आहे एवढं ते सांगतं. वनगट पेटला का शेजारच्या पट्टीतलं पाचट, हे एका ठिपक्यावरून ठरत नाही. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो. मधल्या वेळात लागून विझलेली आग त्याला दिसत नाही.

असाच उपग्रहाचा नकाशा दाव्यातही येतो. "नकाशात 2005 साली इथं शेती दिसत नाही, दावा नामंजूर." हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलंय. आपल्याकडं पावसाळी एक पीक. बाजरी, तूर, मटकी निघाली की रान उघडं. फोटो उन्हाळ्यातला असेल तर माळ आणि शेत सारखंच दिसणार.

यावर कायद्यानं उत्तर दिलेलं आहे. 2012 साली नियमांत दुरुस्ती झाली. नियम 12 क म्हणतो की उपविभागीय किंवा जिल्हा समितीनं अमुकच कागद पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. दंडाची पावती किंवा गुन्ह्याची नोंद नाही एवढ्याच कारणावर दावा फेटाळायचा नाही. आणि उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. हे वाक्य पाठ करा. वरून काढलेला फोटो जमिनीवरच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही, असं सरकारच्या स्वतःच्या नियमात आहे.

आता करायचं काय

पहिलं काम कागदाचं. मघाशी म्हटलं ना, अंगठा ध्यानात ठेवा. ज्या ज्या उन्हाळ्यात खात्यानं गावातली माणसं आग राखायला, जाळरेषा काढायला, रोपवनावर लावली, त्याचं हजेरीपत्रक बनतं. त्यात नाव असतं, गाव असतं, तारखा असतात. वणव्याच्या नोंदी असतात. कार्य आयोजनेत, म्हणजे वर्किंग प्लॅनमध्ये, आगीपासून रक्षणाचं प्रकरण असतं आणि नकाशे असतात. नियम 13 मध्ये पुराव्यांच्या यादीत कार्य आयोजना आणि इतर वन अभिलेख आहेतच. तुमच्या बापाचं नाव 1985 च्या हजेरीपत्रकात सापडलं तर कुटुंब तेव्हा त्या रानाशी जोडलेलं होतं हे खात्याच्याच कागदावरून दिसतं. नुसत्या त्यानं कसणूक सिद्ध होत नाही. त्याला जोडून बांध, विहीर, जुनं घर, देवाची जागा, मसणवट यांचा पंचनामा, आणि दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब लावा. नियमाप्रमाणं एकाहून जास्त पुरावे पाहिजेत.

हे कागद मागायला साहेबाच्या मागं फिरायची गरज नाही. नियम 12(4) प्रमाणं ग्रामसभेनं किंवा वनहक्क समितीनं लेखी मागणी केली तर संबंधित खात्यानं साक्षांकित प्रत द्यायची असते. अर्जाची पोच घ्या. दुसरा रस्ता माहितीच्या अधिकाराचा. 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तीही नाही, आणि 30 दिवसांत उत्तर.

आपले बंजारा, धनगर शेजारी आहेत. आपल्या राज्यात ते अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीची 75 वर्षं दाखवावी लागतात. म्हणजे 1930 पर्यंत मागं जावं लागतं, आणि तो काळ निजामाचा. कागद उर्दूत, साल फसली. फसली सालात 590 मिळवा, इसवी साल येतं. फसली 1340 म्हणजे 1930. उर्दू वाचणारा माणूस आपल्या तालुक्याच्या गावात सापडतोच, त्याला सन्मानानं बोलवा. त्यांचा दावा पडला तर तेच कारण उद्या आपल्या गटालाही लावतील, म्हणून त्यांना सोबत घ्या.

दुसरं काम आगीच्या वहीचं. प्रत्येक ग्रामसभेनं एक शंभर पानी वही घालायची. आग दिसली की लिहायचं: तारीख, वेळ, कोणी बघितली, कुठून, गट नंबर, वारा कुठून होता, विझवायला कोण कोण गेलं, किती वाजता विझली, काय जळालं, वनरक्षकाला किती वाजता कळवलं, तो कधी आला. आगीचं कारण दिसलं असेल तर लिहा. विजेच्या तारेची ठिणगी होती, रस्त्यावरच्या गाडीतून काही पडलं, आपल्याच माणसानं बांध जाळताना आग सुटली, जे असेल ते. आपल्याच माणसाचं नाव असलं तरी खोडायचं नाही. वही खोटी निघाली तर एकाही पानाला किंमत राहणार नाही. महिन्याच्या ग्रामसभेत ती वाचायची, ठरावात नोंद करायची, सह्या-अंगठे घ्यायचे. पुढं कोणी "गावानं आग लावली, हक्क बंद करा" म्हटलं, तर आपल्याकडं तोंडी बोलण्यापेक्षा जास्त काही असेल.

तिसरं काम गवताचं. चराईबंदीच्या गटात गवत कमरेएवढं वाढतं आणि उभ्याउभी वाळतं. जाळायला तेच लागतं. दिवाळीनंतर ते कापून घरी आणायची परवानगी ग्रामसभेच्या ठरावानं मागा. चारा घरात आला की रानात जळायला उरत नाही. गावाच्या कडेचा पट्टा होळीच्या आधी साफ करा. आणि कोवळ्या गवतासाठी काडी लावणं आता ग्रामसभेला न विचारता कोणी करायचं नाही, हा नियम आपण आपल्यावर घालून घेऊ. पाखरांची अंडी, धावड्या-खैराची रोपं, टेकडीची माती, सगळं त्यात जातं, आणि पुढच्या पावसाळ्यात माती नाल्यात.

चौथं काम पहाऱ्याचं. लोखंड लागत नाही. गावाभोवतीची जी टेकडी सगळ्यात जास्त मुलूख दाखवते तिच्यावर दुपारी बारा ते पाच आळीपाळीनं दोघांनी बसायचं. पाळीच्या यादीत बायकांची नावंही लिहा. सरपणाला आणि गवताला रानात त्याच जातात, कुठला धूर चुलीचा आणि कुठला रानाचा हे त्यांना आधी कळतं.

दावा नामंजूर झाला असेल तर कागद हातात पडल्यापासून 60 दिवसांत वरच्या समितीकडं जाता येतं. तारीख मोजा. कागद हातात दिला नसेल तर लेखी मागा.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, आगीची वही सुरू केल्याचा. दुसरा, आपल्या वनगटांची कार्य आयोजना, हजेरीपत्रकं आणि वणव्याच्या नोंदी वनखात्याकडं मागण्याचा. दोन्हीच्या प्रती पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्यांच्या घरात कोणी अंगारी म्हणून राबलं असेल त्यांनी त्याचं नाव, गाव आणि साल आजच समितीच्या ताईंकडं लिहून द्यावं.

जोहार. जिंदाबाद.